वारसाचा रकाना

"मुलगा नसेल तर कॉम्प्युटर नाव घेत नाही हो, मावशी," कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसलेली मीनल चौथ्यांदा म्हणाली.

सखू खुर्चीवरून हलेना. सोनिवलीची तिची दीड एकर बदलापूरच्या या कारखान्यात गेली होती. जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरी, असा करार होता. यादी आज पाचला बंद व्हायची होती आणि घड्याळात साडेचार वाजून गेले होते. सखूची एकुलती एक विठा, बारावी पास, दाराशी उभी होती.

"कुठं लिवलंय ता दावा ना," सखू म्हणाली.

मीनल वैतागली. आता हे काय दाखवायचं? पडद्यावर 'मुलाचे नाव' असा रकाना यायचा आणि दोन वर्षं ती त्याकडे बोट दाखवून बायकांना परत पाठवत होती. सोनिवलीचीच पुतळाबाई गेल्या महिन्यात तिच्यासमोर रडून गेली. तिलाही तिन्ही मुलीच. मुलाच्या नावाची जागा कोरी असलेला तिचा अर्ज अजून मीनलच्या खणात पडून होता. त्या दिवशी मीनलला डबा गेला नव्हता, पण मशीनपुढे आपण काय करणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

आज मात्र तिला बसवेना. पडद्यावर दिसतो तो नुसता फॉर्म, माहिती साठते ती आतल्या टेबलात. 'डिस्क्राइब' म्हटलं की टेबल आपले रकाने जसेच्या तसे सांगतं, हे तिला कल्याणच्या क्लासात शिकवलं होतं. नोकरीला लागल्यापासून तिनं ते एकदाही विचारून पाहिलं नव्हतं. तिनं घाईघाईत कमांड टाइप केली. दोनदा चुकली.

चार ओळी आल्या. सर्व्हे नंबर. गाव. खातेदार. वारस, तीस अक्षरं. बस, एवढंच.

मीनलनं ओळी पुन्हा वाचल्या, 'मुलगा' हा शब्द कुठंच नव्हता. तिनं शेजारच्या केबिनमधून श्यामकांत साहेबांना बोलावून आणलं.

"सर, टेबलात फक्त वारस आहे. फॉर्मवर 'मुलाचे नाव' कुणी टाकलं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मीच सांगितलं होतं. वारस म्हणजे मुलगाच असणार ना, म्हणून. नियमात तसं काही नाहीये."

मीनलनं त्याच रकान्यात विठाचं नाव टाकलं. मशीननं ते मुकाट्यानं घेतलं. सखूनं डोळे पुसत तिला हात जोडले. पाच वाजायला बारा मिनिटं होती. मीनलनं खण उघडला.

"मला हात नका जोडू, मावशी. पुतळाबाईच्या थोरलीचं नाव सांगा, लवकर."