काल्याचं कीर्तन

धोंडीराम महाराज अजून उभेच होते.

हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तासाभरात ते खुर्चीवर टेकायचे आणि कीर्तन आवरतं घ्यायचे. त्या हिशोबानंच बंकट टँकर छावणीच्या फाटकात लावून मंडपात बसला होता. काल्याला तरी बस, म्हणून आईनं शपथ घातली होती. कीर्तन संपलं की घरी जायचं, कोनाड्यातली पुडी घ्यायची, मग पुढची खेप.

आता दोन तास होत आले होते. बंकटचे दात आपोआप एकमेकांवर करकरत होते.

दूध संघाच्या या छावणीत आठशे जनावरं होती आणि पाण्याचे टँकर दोनच. पाच महिन्यांपूर्वी दिंद्रुडच्या रस्त्यावर एका ड्रायव्हरनं त्याला पांढऱ्या खड्यांची पहिली पुडी दिली. झोप गेली, भूक गेली. लोक म्हणायचे, बंकट माणूस न्हाई, इंजन हाय. मग दाढा हलायला लागल्या. कातडीखाली मुंग्या चालतात म्हणून त्यानं हात ओरबाडून घेतले. मागच्या आठवड्यात रस्त्यात बाई उभी दिसली. त्यानं टँकर बांधावर घातला. रस्त्यात कुणीच नव्हतं.

केजच्या डॉक्टरनं त्याच्या बाह्या वर करून बघितल्या होत्या. "मेथ म्हणतात याला. काळजाला घोड्यासारखं पळवतं. आणि पळता पळता ते थांबतं."

तरी एक पुडी शिल्लक होती. आईनं विचारलं तेव्हा, लिंबागणेशचा परसाद हाय, असं सांगून तो मोकळा झाला होता. तिनं ती डोळ्याला लावून पुन्हा हळदीकुंकवाच्या करंड्यामागं ठेवली होती.

"बघ बे," शेजारचा मुंजाजी कानाशी लागला. "सकाळी म्हाताऱ्याचा आवाज फुटत नव्हता. आता तुझ्या इंजनाला मागं टाकतंय."

महाराजांचा सदरा पाठीला चिकटला होता. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी हातानंच बाजूला सारला. मृदंगवाल्याचे हात दुखायला लागले, पण महाराज लय वाढवतच होते.

मग ते एकदम थांबले.

"छावणीतल्या मुक्या जनावराला आपण काळा पडलेला चारा घालत न्हाई," ते म्हणाले. "आन् ह्या देहात तर पांडुरंग राहतो. त्याच्या घरात आपण काय काय भरतो, बाबांनो?"

बंकटनं सकाळीच बुरशी आलेली वैरण स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकली होती. रडू कधी आलं ते त्याला कळलंच नाही.

दहीहंडी फुटली. बंकट गर्दीतून पुढं गेला आणि त्यानं पायावर डोकं ठेवलं. महाराजांचा हात डोक्यावर आला. गरम होता, थरथरत होता.

"सोडलं, म्हाराज. आजपासून सोडलं."

"काय सोडलंस?"

"ते पुसू नका."

"न्हाई पुसत. पळ, टाकून ये. मी हाय हितंच. आज मला बसावंच वाटंना बघ."

मागं पुन्हा टाळ सुरू झाले. बंकट पळतच घरी आला. पुडी चुलीत टाकायची, आईसमोरच टाकायची आणि सगळं सांगायचं. पाच महिन्यांत त्याला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

त्याची आई सारजाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. सप्ताहभर महाराजांचा मुक्काम त्यांच्याच घरी होता, त्यांचं ताट झाकून ठेवलेलं तसंच होतं.

"सकाळधरनं अन्नाला शिवले न्हाईत म्हाराज," ती म्हणाली. "भूकच न्हाई म्हनले. तू तरी जेव."

बंकटनं करंडा उचलला. मागं काहीच नव्हतं.

"आई, हितली पुडी?"

"ती व्हय?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हाराजांचा घसा बसलाता. म्हनलं, घरात खडीसाखर असून द्यायची न्हाई व्हय. कडू लागली त्यांना. पर लिंबागणेशचा परसाद म्हनल्यावर एक कण बी खाली पडू दिला न्हाई."