दुसरं इंजिन

थोरल्याला आता दोन इंजिनांचं विमान हवं होतं. "एक बंद पडलं तरी दुसरं घरी आणतं, आई. बेटांवरचे पेशंट एका इंजिनाच्या भरवशावर किती दिवस आणू?" विमान विकणारा साहेब जोरजोरात मान हलवत होता. धाकटी लेकही वैमानिक, तीही तिथंच बसली होती. सही आईची लागायची.

आई दोन बुकं शिकलेली, पण तोंड असं, की साहेब खुर्चीच्या कडेवरच टेकला होता.

"मान हलवणं पुरे. एक बंद पडल्यावर विमान सरळ जातं का?"

"नाही, आजी. बंद पडलं त्या बाजूला वळतं. मग दुसऱ्या बाजूचा पाय पेडलवर दाबून धरायचा. उजवं बंद पडलं तर डावा पाय. तोही लगेच, नाहीतर विमान उलटतं."

आईनं थोरल्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "घ्या. पण आजपासून उडवायचं धाकटीनं."

थोरल्याचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं मी उडवतोय. माझं काय चुकलं?"

आई उठली. थोरल्याच्या पायात उजवीच चप्पल होती; दारातच राहिलेली डावी तिनं उचलून आणली आणि त्याच्या उघड्या पायाशी ठेवली.

"काही चुकलं नाही, राजा. ही पायातून निसटलेली तुला कळली का, तेवढं सांग."