आईची झोप

"दे गं तुझी झोप इकडे!" म्हणत ऋजुताने झोप ओढून घेणारा एक पट्टा आईच्या मनगटाला बांधला, दुसरा स्वतःच्या. रात्री पायांची वळवळ थांबवणाऱ्या गोळीची गुंगी आईला दिवसभर सोडत नसे. पेटीवरच डोळे मिटायचे, म्हणून गाण्याचा क्लास बंद पडला होता. आज तो पुन्हा सुरू होणार होता.

"आणि तुझा अभ्यास?"

"इतिहास वाचतानाही मी झोपतेच की!"

बटण दाबताच ऋजुता आडवी झाली. आई टक्क जागी! पण गुंगीबरोबर गोळीचा गुणही गेला. पाय वळवळू लागले. आता मांडी घालून शिकवणार कशी?

तिने पाय पसरले आणि दहावीतल्या लेकीचं डोकं तान्हेपणीसारखं पायांवर घेतलं. पाय आपोआप झुलू लागले. किती जुनं काम त्यांचं!

दारात क्लासच्या मुली आल्या.

"हळू या गं," आई कुजबुजली. "आज अंगाईपासून सुरुवात."