रस्त्यावरून दिसला तो मका

सरकारने मक्याला एकरी अनुदान जाहीर केलं, तेव्हा थोरल्या जावेने रस्त्याच्या कडेने मक्याच्या चारच ओळी लावल्या आणि मागचं सगळं रान बोडकं ठेवलं. तपासणीचे साहेब बूट खराब होतील म्हणून जीपमधून उतरत नाहीत, बसल्या जागेवरूनच फोटो काढतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

धाकटीचं शेत त्या रानाच्या पलीकडे, चढावर. तिने दोन एकर मका घाम गाळून पिकवला होता, पण थोरलीच्या ओळींआड तो झाकला गेला. तिच्या नावापुढे शेरा पडला, "मका आढळला नाही."

"त्यांना दिसला नाही, त्याला मी काय करू गं?" थोरली म्हणाली. "दुर्बीण घेऊन देऊ का?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फेरतपासणीच्या दिवशी सकाळीच तिने आपल्या तिन्ही गाई त्या चार ओळींत सोडल्या. गाईंनी कणसांसकट सगळं फस्त केलं. "आता बघू दे साहेबांना तुझं बोडकं रान," असं पुटपुटत ती बांधावर जाऊन उभी राहिली.

जीप आली. साहेबांनी काच खाली केली, समोर चढावर डोलणाऱ्या मक्याचा फोटो काढला आणि रस्त्याकडेची जमीन कोणाची ते यादीत पाहिलं.



मग थोरलीच्या नावापुढे लिहिलं, "आतलं पीक जोमदार. कडेला जनावरांनी केलेल्या नुकसानीची भरपाईही द्यावी."