परीक्षेचा पेशंट

पुढचा दात तुटलेला माणूस शोधता शोधता उर्वीचे दोन महिने गेले. तिला पुढे स्माइल डिझायनिंग करायचं होतं, पण आधी डेंटलची शेवटची परीक्षा, आणि परीक्षेत तुटलेला दात नीट करून दाखवायला पेशंट ज्याचा त्याने आणायचा. लालबागची फुलवाली हो म्हणाली आणि तिने फोनच उचलायचा बंद केला. मामाच्या ऑफिसातला शिपाई खुर्ची बघूनच पळाला. उर्वी इतकी वैतागली होती की ओळखीचं कुणी भेटलं तरी आधी तोंडात बघायची.

शेवटी पेशंट सापडला तो तिच्याच भोईवाड्यातल्या चाळीत, दोन खोल्या सोडून. दिगंबरकाकांचा दात तरुणपणी सोड्याची बाटली उघडताना उडाला होता, अगदी हवा तसा तिरका. उर्वीने आठवडाभर स्वतःच्या हाताने त्यांना चहा पाजला.

"काका, बुधवारी नऊला. बाहेरून मोठे सर येणारेत, ते तुमचा दात बघतील. माझं अख्खं वर्ष तुमच्यावर आहे."

"तू कशाला घाबरतेस गो? मी आहे ना!"

बुधवारी काका पावणेनऊलाच हजर. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. उर्वीचा जीव भांड्यात पडला. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला आणि आ करायला सांगितलं. काकांनी ऐटीत आ केला. तुटक्या दाताच्या जागी अख्खा, चकचकीत दात!


"कालच नाक्यावरच्या डॉक्टरकडून नीट करून घेतला गो. म्हटलं, एवढ्या मोठ्या सरांसमोर आपल्या पोरीची मान खाली जायला नको!"