सर्व लाभार्थी समाधानी

फोन अण्णांच्या कोपराशी वाजत होता आणि अण्णा निवांतपणे शब्दकोडे सोडवीत होते.

दारात उभ्या असलेल्या लेकीने आपल्या हातातला फोन बंद केला. टेबलावरचा गप्प झाला. अण्णांची पेन्सिल मात्र थांबली नाही.



वृद्धांना श्रवणयंत्रे वाटण्याच्या योजनेचे मूल्यमापन तिने कालच पूर्ण केले होते. यंत्र उपयोगी पडते का, हे प्रत्येकाला फोन करून विचारले होते. ज्यांनी उचलला, ते सारे तृप्त होते. ज्यांनी उचलला नाही, ते नियमानुसार वगळले गेले. आपल्याच वडिलांना आपण विचारणे अनुचित, म्हणून त्यांचा क्रमांक तिने सहकाऱ्याकडे सोपवला होता. अण्णांनी फोन उचलला नाही, तेव्हा ‘गेले असतील फिरायला’ असे म्हणून ती हसली होती.

तिने खांद्याला हात लावताच अण्णा दचकले, मग फुलले.

“अगं, तू! केव्हा आलीस?”

“यंत्र कुठंय, अण्णा?” ती त्यांच्या कानाशी ओरडली.

त्यांनी खिशातून डबी काढली. “हे होय? यानं कधीचंच मौनव्रत घेतलंय. माझ्याहून म्हातारं निघालं!”

ती तशीच गॅलरीत गेली आणि तिने वरिष्ठांना फोन लावला.

“साहेब, अहवाल थांबवा. ज्यांना ऐकू येतं, त्यांनाच आपण विचारलंय. ज्यांचं यंत्र बंद पडलं, त्यांना फोनची घंटा तरी कशी ऐकू जाणार?”



“मुद्दा बिनतोड आहे, मॅडम. पण हे वरातीमागून घोडं. सकाळीच मंजुरी मिळाली. तक्रार एकही नाही, म्हणून दुरुस्ती केंद्र बंद करतायत. तीच यंत्रं आणखी मागवलीत.”

अण्णांचे यंत्र दुरुस्त होऊ शकेल अशी तेवढी एकच जागा होती. दुसरे विकत घेणे दोघांच्याही आवाक्याबाहेरचे होते.

“मग माझ्या वडिलांनी करायचं काय?”

“पुढच्या मूल्यमापनात घेऊ की त्यांना.”

“ते कधी?”

“योजना संपली की. आणि हो, अभिनंदन! तुमच्या अहवालाचं वर फार कौतुक झालंय.”

ती आत आली. तिचा उतरलेला चेहरा अण्णांना दिसला नसावा.

“काय निघालं गं तुमच्या त्या पाहणीत?” त्यांनी खड्या आवाजात विचारले. “बाकीच्यांची यंत्रं चालतायत ना?”

खोटे बोलायला त्यांनी तिला कधी शिकवले नव्हते. ती वाकून त्यांच्या कानाशी ओरडली. “अहवालात सगळे समाधानी आहेत, अण्णा. पण—”

पहिले वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचले. पुढे तिचा आवाज खाली गेला आणि काहीच पोहोचले नाही. तिचे ओठ हलत राहिले. अण्णा ओशाळले. त्यांनी ते बंद यंत्र फुंकर मारून पुसले आणि हळुवारपणे कानात बसवले.

“उगीच बोल लावला बिचाऱ्याला,” ते म्हणाले. “सगळ्यांना ऐकू येतंय, म्हणजे दोष माझ्याच कानांचा.”