नदीकाठचं तिसरं नगर

सकाळचं ऊन त्या खोलीत एकदम येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर उतरे, तिथं जरा रेंगाळे, मग खिडकीच्या काचेवरच्या जुन्या ओघळांमधून गाळलं जाऊन आत येई आणि टेबलाच्या कडेवर बोटभर रुंदीची फिकट रेघ ओढे. ती रेघ सावकाश सरकत वहीवर, वहीवरून कीबोर्डवर आणि तिथून त्याच्या मनगटावर चढे. त्या उजेडात धुळीचे कण असे तरंगत, जणू त्यांना कुठंही पोचायचंच नाही. घर जागं होत असल्याचे आवाज फार दुरून आल्यासारखे वाटत : स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागल्याचा, न्हाणीघरात बादलीत पडणाऱ्या पाण्याचा. रेघ मनगटावर आली, की साडेसात वाजत. आणि साडेसातलाच बाबांची चाल येई.

आजही आली. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘तुमची पाळी.’

एक कॉम्प्युटर त्याच्या खोलीत, दुसरा पुढच्या खोलीत, बाबांच्या नकाशे काढायच्या उंच टेबलावर. दिवसाला दोघांची एकेक चाल. बाबांचा जन्म भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात गेलेला. राज्य वसवण्याचा हा खेळही त्यांनीच त्याला बाराव्या वर्षी शिकवला होता, पार स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “पहिल्या पन्नास चालींत राज्य ठरतं! आधी कुंभारकाम शीक, धान्य साठव. लगेच वेशीवर भालाईत उभे कर. आणि नदीकाठची जागा दिसली की दुसऱ्याच्या आधी बळकाव. तिथं दयामाया नाही.”

पाच आठवड्यांपूर्वी, बाबांनी शब्द टाकून मिळवून दिलेली कचेरीतली नोकरी त्यानं चार महिन्यांत सोडली. त्या संध्याकाळी बाबा भिंतीकडं बघत आईला म्हणाले होते, “जो एका खुर्चीत चार महिने टिकत नाही, त्यानं माझ्यासमोर येऊ नये.”

तो त्यांच्यासमोर गेला नाही. मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून नव्या डावाचं आमंत्रण आलं. तेव्हापासून तो त्या चाली पत्रांसारख्या वाचत होता.

अन् पत्रं विलक्षण होती. बाबांनी कुंभारकामानंतर शस्त्रं सोडून लेखनकला शिकायला घेतली. त्यांच्या वेशीवर एकही भालाईत नव्हता. आणि दोन्ही राज्यांच्या मधलं ते नदीचं हिरवं खोरं! त्यांची वसाहत करणारी माणसं खोऱ्याच्या तोंडाशी आली, एक चाल थबकली आणि मागं वळून खडकाळ टेकडीवर जाऊन वसली. ज्या माणसानं बुद्धिबळात पोटच्या पोरालाही कधी प्यादं सोडलं नाही, त्यानं अख्खं खोरं सोडलं होतं.

जळक्या दुधाचा वास आला.

“आई, दूध!”

क्षणभरानं आई चहा घेऊन दारात उभी राहिली. “गेलं मेलं उतू.”

“हल्ली रोजच जातं. तीस वर्षांत कधी गेलं नव्हतं.”

“तीस वर्षांत तू कधी इतक्या सकाळी उठला नव्हतास. जग बदलतंय.” तिनं कप ठेवला. “राजेसाहेब, उद्या गाडी आहे. नव्या गावी नव्या नोकरीवर रुजू व्हायच्या आधी ह्यांच्याशी दोन शब्द बोलणार आहात, की असंच तोंड फिरवून जाणार?”

“ते बोलले, तर बोलेन.”

“दोघंही एकाच मातीचे. पाणी घातलं तरी मऊ होत नाहीत.”

“बाबा बोलतायत, आई. तुला ऐकू येत नाही, एवढंच.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “हे खोरं बघ. सहज घेता आलं असतं त्यांना. माझ्यासाठी सोडलंय.”

आईनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि बराच वेळ पाहिलं.

“मला मेलीला यातलं काय कळतंय,” ती म्हणाली. “पण सोडलंय ना? मग घे की. उगाच ताटकळत का ठेवतोस?”

त्यानं आपलं तिसरं नगर नदीकाठी वसवलं. मग मैत्रीचा करार पाठवला. उद्या सकाळी तो मान्य झाला, तर आपण होऊन उठायचं, पुढच्या खोलीत जायचं, आणि पाच आठवडे राहून गेलेलं ‘बाबा, चुकलो’ म्हणून टाकायचं. नाही झाला, तर गाडी आहेच.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ऊन नेहमीसारखंच आलं. टाकीवर रेंगाळलं, काचेतून गाळलं गेलं. दाराशी बांधून ठेवलेल्या बॅगेच्या पितळी बकलावर त्याचा एक थेंब चमकत राहिला. रेघ वहीवरून सरकली, कीबोर्डवर आली, मनगटावर चढली.

‘करार मान्य.’

तो उठला. डोळ्यांपुढं सगळं विरघळल्यासारखं झालं होतं. बोळातली दहा पावलं तो झोपेत चालावा तसा चालला. स्वयंपाकघरात दूध पातेल्याच्या काठापर्यंत चढत होतं. ते त्यानं पाहिलं आणि तरीही तो थांबला नाही. त्यानं पुढच्या खोलीचं दार ढकललं.

“बाबा...”

बाबांच्या उंच खुर्चीत आई बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. एका हातात पळी होती, दुसरा माऊसवर. शेजारी वाणसामानाच्या यादीची वही उघडी होती आणि तिच्या गोल अक्षरांत लिहिलं होतं : ‘आधी कुंभारकाम. मग लेखन. भालाईत नकोत.’

भिंतीपलीकडून बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाबांचा खोकला.

साडेसातला बाबा आंघोळीला असतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.